प्रोस्टेटचा एमआरआय: तपासणी म्हणून कशी आहे?

आधी निकाल सांगून टाकू. पीएसए (प्रोस्टेटसाठी करतात ती रक्ताची तपासणी) वाढलेला निघाला की लगेच सुया टोचण्याऐवजी आधी एमआरआय करणं ही प्रोस्टेटच्या निदानात अलीकडे झालेली सगळ्यात कामाची सुधारणा आहे. तपासणी म्हणून तिला भरपूर गुण द्यावे लागतात, पण सरसकट देता येत नाहीत. ही काही रक्ताची तपासणी नव्हे, की कुठेही नमुना दिला तरी आकडा साधारण तोच यावा. एकाच माणसाचा, एकाच आठवड्यात, दोन ठिकाणी केलेला स्कॅन एका रिपोर्टात ‘पाय-रॅड्स २’ (कॅन्सरच्या संशयाची १ ते ५ ची पट्टी) आणि दुसऱ्यात ‘पाय-रॅड्स ४’ येऊ शकतो आणि दोन्हीकडची मशीन ठणठणीत असू शकतात. फरक पडतो तो मलाशयात अडकलेल्या गॅसमुळे, डिफ्युजनची (पाण्याची हालचाल दाखवणारी) चित्रं कशी काढली त्यामुळे आणि ती कोण वाचतं त्यामुळे. म्हणून इथे मशीनच्या ब्रँडची चर्चा नाही. पैसे मोजल्यावर हातात नेमकं काय पडायला हवं आणि गाडी कुठे घसरते, एवढंच बघायचं आहे.

जुनी पद्धत आठवली की फरक कळतो. गुदद्वारातून सोनोग्राफीचा प्रोब घालायचा आणि प्रोस्टेटच्या ठरलेल्या भागांतून दहा-बारा तुकडे घ्यायचे. सोनोग्राफीत ग्रंथीची कड छान दिसते, पण आतला कॅन्सर बहुतेक वेळा दिसतच नाही. म्हणजे सुई अंदाजाने जायची. यात दोन्हीकडून नुकसान होई: पुढच्या भागातली किंवा टोकाकडची घातक गाठ सुटायची, आणि आयुष्यभर त्रास न देणारा बारीकसा कॅन्सर मात्र नेमका सुईत सापडायचा. मग त्यावर ऑपरेशन, रेडिएशन, लघवी न थांबणं, सगळं मागे लागायचं.

२०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या ‘प्रॉमिस’ या ब्रिटिश अभ्यासाने हे मोजून दाखवलं. ५७६ पुरुषांचा आधी एमआरआय झाला, मग नेहमीची सोनोग्राफीची बायोप्सी झाली आणि दोन्हींची खरीखोटी करायला दर ५ मिमीवर सुई घालणारी सविस्तर बायोप्सीही झाली. दखल घेण्याजोगे कॅन्सर एमआरआयने ९३ टक्के पकडले, सोनोग्राफीच्या बायोप्सीने ४८ टक्के. दुसरी बाजूही त्याच अभ्यासात आहे आणि जाहिरातीत ती कधी येत नाही: एमआरआयची विशिष्टता ४१ टक्केच निघाली. म्हणजे ज्यांना असा कॅन्सर नव्हता, त्यांतल्या निम्म्याहून जास्त जणांच्या स्कॅनमध्ये काहीतरी संशयास्पद दिसलं. पुढच्याच वर्षी ‘प्रिसिजन’ हा ५०० पुरुषांचा अभ्यास आला. एका गटाची नेहमीची बायोप्सी केली. दुसऱ्या गटाचा आधी एमआरआय केला आणि त्यात काही दिसलं तरच तेवढ्याच जागी सुई घातली. महत्त्वाचे कॅन्सर एमआरआय गटात ३८ टक्क्यांना सापडले, दुसऱ्यात २६ टक्क्यांना. किरकोळ कॅन्सर ९ विरुद्ध २२ टक्के. शिवाय एमआरआय गटातल्या २८ टक्के लोकांची बायोप्सी टळली. घातक ते जास्त सापडलं आणि निरुपद्रवी ते कमी, असं दोन्ही एकदम साधणारी तपासणी फार क्वचित मिळते.

मशीनमध्ये नेमकं काय काढतात

संपूर्ण तपासणीत तीन प्रकारची चित्रं असतात. पहिली टी-२ ची. हा प्रोस्टेटचा नकाशा समजा. बाहेरचा पेरिफेरल झोन पाण्याने भरलेल्या स्पंजासारखा पांढरा दिसतो. मधला ट्रान्झिशन झोन वयानुसार गाठागाठांचा होतो, लाडवांची परात वरून पाहावी तसा. साधारण सत्तर टक्के कॅन्सर पेरिफेरल झोनमध्ये होतात, आणि तिथे पांढऱ्यावर काळं असल्याने नजर पटकन जाते. चांगल्या टी-२ चित्राचा काप ३ मिमीचा असतो, दोन कापांमध्ये जागा सोडलेली नसते आणि चित्राचा आवाका १२ ते २० सेमीच असतो. अख्ख्या ओटीपोटाचा ५-६ मिमी कापांचा ‘पेल्व्हिस एमआरआय’ काढून त्यावर प्रोस्टेटचा रिपोर्ट लिहिणं म्हणजे शहराच्या नकाशावर घर क्रमांक शोधणं. बुकिंग करताना ‘प्रोस्टेट प्रोटोकॉल’ हे शब्द आहेत की नुसतं ‘पेल्व्हिस’ लिहिलंय, हे पहिलं तपासा.

दुसरी चित्रं डिफ्युजनची, आणि या तपासणीचा जीव इथे आहे. निरोगी ग्रंथीत पोकळ्या असतात आणि त्यांतलं पाणी मोकळं हिंडतं. कॅन्सरच्या पेशी दाटीवाटीने वाढतात, पोकळ्या बुजतात, पाण्याला हलायला जागा उरत नाही. मशीन हीच हालचाल मोजतं. किती जोराने मोजायची ते ‘बी-व्हॅल्यू’ ठरवते: एक खालची, ५० ते १०० च्या आसपास, एक मधली, ८०० ते १०००, आणि एक वरची, किमान १४००. खालच्या दोन्हींवरून एडीसी नावाचा हिशेबी नकाशा तयार होतो. कॅन्सर वरच्या बी-व्हॅल्यूच्या चित्रात दिव्यासारखा उजळतो आणि एडीसीवर त्याच जागी कोळशाने बोट टेकवल्यासारखा काळा उमटतो. दोन्ही हवं. नुसता पांढरा असेल आणि एडीसीवर काळा नसेल, तर बहुधा टी-२ चाच उजेड त्यात झिरपलेला असतो. वरची बी-व्हॅल्यू ८०० वरच थांबवली की निरोगी भागही पांढरट राहतो आणि लहान गाठ त्यात विरून जाते. घाईत काढलेल्या स्कॅनमध्ये हमखास दिसणारी चूक ती हीच.

एक बारीक गोष्ट. डिफ्युजनचे काप टी-२ च्याच पातळीवर आणि त्याच कोनात घेतलेले असावेत. तसे नसतील तर टी-२ वर दिसलेल्या काळ्या ठिपक्यासमोर डिफ्युजनचा नेमका कुठला काप ठेवायचा हे वाचणाऱ्याला अंदाजाने ठरवावं लागतं, आणि ६-७ मिमीच्या गाठीसाठी हा अंदाज परवडत नाही.

तिसरा प्रकार कॉन्ट्रास्टचा. हातातल्या शिरेतून गॅडोलिनियम सोडतात, वजनाच्या प्रत्येक किलोमागे ०.१ मिलिमोल, सेकंदाला २ ते ३ मिली वेगाने. मग दर १५ सेकंदांत किंवा त्याहून लवकर एक चित्र, असं निदान दोन मिनिटं. गाठीत रक्त लवकर पोहोचतं का, एवढंच त्यात बघायचं असतं. याखेरीज एक टी-१ चित्र लागतं. आधीच्या बायोप्सीचं रक्त साठलं आहे का, ते त्यात कळतं; आवाका मोठा ठेवला तर लिम्फच्या गाठी आणि कटीची हाडंही दिसतात.

गॅस नावाचा शत्रू

चांगली मशीन, चांगला टेक्निशियन, चांगला डॉक्टर, आणि चित्र तरीही वाया: याचं कारण विचाराल तर बहुतेक वेळा मलाशयाकडेच बोट जाईल. प्रोस्टेट मलाशयाला पाठ लावून बसलेलं असतं. आत हवेचा फुगा असला की हवा आणि मांस यांच्या सीमेवर चुंबकीय क्षेत्र वाकतं. टी-२ ते बऱ्यापैकी सोसतं, पण डिफ्युजन ज्या वेगवान पद्धतीने काढतात तिला ते अजिबात सोसत नाही. चित्र ताणलं जातं, पाठीमागची कड लाटेसारखी वळते, एका बाजूला खोटा पांढरा पट्टा उमटतो. आणि ही सगळी पडझड होते ती पेरिफेरल झोनच्या मागच्या भागात, जिथे कॅन्सर सगळ्यात जास्त होतो.

उपाय साधे आहेत, पण ते आठवणीने करावे लागतात. स्कॅनला निघण्यापूर्वी शौचाला जाऊन यावं. बद्धकोष्ठतेचा त्रास असेल तर लहान एनिमा घ्यावा, मात्र काही तास आधी. अगदी तोंडावर घेतलेला एनिमा उलटतो: आतडं चाळवतं, हलायला लागतं आणि गॅसची जागा हालचालीचा धूसरपणा घेतो. आदल्या दिवशी पोट फुगवणारं खाणं टाळणं हे कुणी सांगायला नको. टेबलावर झोपवल्यावर पहिली जी झटपट चित्रं घेतात त्यातच गॅस दिसतो. चांगला टेक्निशियन तिथेच थांबतो, माणसाला पुन्हा शौचालयात पाठवतो किंवा बारीक नळीने हवा काढून घेतो. घाईतला टेक्निशियन तसंच पुढे रेटतो, आणि रिपोर्टात खाली एक ओळ येते: ‘मलाशयातील वायूमुळे डिफ्युजन चित्रांवर मर्यादा.’ ती ओळ दिसली आणि वर ‘संशयास्पद काही नाही’ लिहिलेलं असलं, तर तो रिपोर्ट निर्धास्त करणारा मानू नका. डिफ्युजन पुन्हा काढायला पाच-सात मिनिटं लागतात.

आतड्याची हालचाल थांबवायला काही ठिकाणी हायोसिन ब्युटिलब्रोमाइडचं इंजेक्शन देतात. टी-२ थोडं स्वच्छ येतं, पण सगळ्यांना ते चालत नाही: अरुंद कोनाचा काचबिंदू, मायस्थेनिया (स्नायू दुबळे करणारा आजार) किंवा हृदयाची धडधड वाढणारा आजार असेल तर नको. आणि गंमत अशी, की ज्यांच्यासाठी ही तपासणी असते त्यांच्यातच लघवी तुंबणारे अनेक असतात. हे औषध ती आणखी तुंबवू शकतं. त्यामुळे लघवीचा त्रास आधी सांगा. स्कॅनच्या अगोदर लघवी करून या, म्हणजे अर्ध्या तासात चुळबुळ होत नाही. स्कॅनआधी तीन दिवस वीर्यस्खलन टाळावं असंही काही केंद्रं सांगतात. वीर्यकोश भरलेले असले की त्यांत कॅन्सर शिरलाय का ते बरं दिसतं. पण हा सल्ला मोडला म्हणून तपासणी रद्द करण्याचं कारण नाही.

टेस्लाची जाहिरात

‘३ टेस्ला’ ही पाटी सगळीकडे मोठ्या अक्षरांत असते. टेस्ला म्हणजे चुंबकाच्या ताकदीचं माप. ३ टेस्लावर सिग्नल जास्त मिळतो, चित्र रेखीव येतं, हे खरं. पण प्रॉमिसमधले ते ९३ टक्के १.५ टेस्लाच्या मशीनवर आलेले आहेत. चांगली १.५ टेस्ला, पोटावर ठेवायची, सिग्नल पकडणारी निदान सोळा चॅनलची कॉइल आणि नीट लावलेला प्रोटोकॉल असेल, तर वाईट चालवलेल्या ३ टेस्लापेक्षा ती केव्हाही परवडली. खुब्याचा सांधा बदललेला असेल तर १.५ टेस्लाच घ्यावी, कारण धातूमुळे होणारा चित्राचा बिघाड क्षेत्राच्या ताकदीबरोबर वाढतो. अशा माणसात डिफ्युजन बहुतेक वाया जातं आणि मग टी-२ व कॉन्ट्रास्टवरच भिस्त असते. पूर्वी गुदद्वारात फुगवून बसवायची एक कॉइल वापरत. आधुनिक मशीनवर तिची गरज उरलेली नाही, आणि ती गेली याचं कुणालाही दुःख नसावं.

कॉइल कुठे ठेवली यावरही बरंच ठरतं. ती नाभीकडे सरकली की प्रोस्टेट तिच्या कडेला जातं आणि चित्र दाणेदार, बर्फ पडल्यासारखं येतं. जांघेच्या वरच्या हाडापाशी तिचा मध्य हवा. बंद जागेची भीती वाटणाऱ्यांनी ‘पाय आधी आत’ अशा पद्धतीने स्कॅन होईल का विचारावं. ओटीपोट मध्यावर आणताना डोकं बोगद्याच्या तोंडाजवळ राहतं आणि बराच फरक पडतो. कानात बोळे मागून घ्या. डिफ्युजन चालू असताना टेबलासकट हादरे बसतात, तो बिघाड नव्हे. पेसमेकर, मेंदूतली क्लिप, डोळ्यात कधी गेलेला लोखंडाचा कण, अंगावर चिकटवलेला औषधाचा पॅच, यातलं काहीही असेल तर अपॉइंटमेंट घेतानाच सांगा. सगळेच पेसमेकर बाद नसतात, पण कार्डावरचं मॉडेल आधी बघावं लागतं.

कॉन्ट्रास्ट घ्यावा का?

बहुतेकांना नाही घेतला तरी चालतो, आणि आता त्याला भक्कम आधार आहे. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘प्राइम’ अभ्यासात ४९० पुरुषांचे स्कॅन कॉन्ट्रास्टशिवाय आणि कॉन्ट्रास्टसकट वाचले गेले. महत्त्वाचे कॅन्सर दोन्हींत २९-३० टक्क्यांना, म्हणजे जवळजवळ सारखेच सापडले. कॉन्ट्रास्ट वगळला की वेळ तीस-चाळीस मिनिटांवरून पंधरा-वीसवर येतो, सुई टळते, किडनीची चिंता टळते. मात्र त्या अभ्यासात चित्रांचा दर्जा आधी तपासूनच केंद्रं घेतली होती, हे विसरून चालणार नाही. कॉन्ट्रास्ट ही स्टेपनी आहे: डिफ्युजन पंक्चर झालं की तिची किंमत कळते. खुब्याचा कृत्रिम सांधा, आधी झालेले प्रोस्टेटचे उपचार, उपचारांनंतर परत वाढणारा पीएसए, अशा वेळी तो घ्यावाच. किडनीचा जीएफआर (रक्त गाळण्याचा वेग) ३० च्या खाली असेल तर गॅडोलिनियमचा निर्णय डॉक्टरांशी बोलूनच.

रिपोर्ट वाचताना

पाय-रॅड्स ही १ ते ५ ची पट्टी २०१२ मध्ये आली, सध्याची २.१ ही आवृत्ती २०१९ ची. सगळ्यात आधी एक गैरसमज काढून टाका: पाय-रॅड्स ४ म्हणजे चौथ्या स्टेजचा कॅन्सर नव्हे. हा फक्त संशयाचा आकडा आहे. कॅन्सर आहे की नाही, आणि त्याचा ग्लीसन स्कोअर (तो किती आक्रमक आहे याचा आकडा) काय, ते तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली गेल्याशिवाय कुणी सांगू शकत नाही. वेगवेगळ्या अभ्यासांतले आकडे हलतात, तरी ढोबळमानाने पाय-रॅड्स ३ मध्ये पाचातल्या एकाला, ४ मध्ये साधारण निम्म्यांना आणि ५ मध्ये दहातल्या आठ-नऊ जणांना महत्त्वाचा कॅन्सर निघतो.

आकडा कसा ठरतो ते भागावर अवलंबून आहे. पेरिफेरल झोनमध्ये डिफ्युजनचा शब्द शेवटचा, ट्रान्झिशन झोनमध्ये टी-२ चा. पेरिफेरल झोनमधला ३ कॉन्ट्रास्टवर लवकर उजळला तर ४ होतो. कॉन्ट्रास्ट घेतलाच नसेल तर तो ३ वरच राहतो. ४ आणि ५ मधला फरक बहुतेक वेळा फूटपट्टीचा असतो: १५ मिमी किंवा जास्त, किंवा ग्रंथीबाहेर गेल्याची स्पष्ट खूण असेल, तर ५.

चांगल्या रिपोर्टातला एक परिच्छेद साधारण असा असतो: ‘डाव्या पेरिफेरल झोनमध्ये, मधल्या पातळीवर, मागच्या-बाहेरच्या भागात ११ मिमीचा ठिपका, एडीसीवर ठळक काळा, हाय-बी वर ठळक पांढरा, टी-२ वर गोलसर काळा, कॅप्सूलला ६ मिमी टेकलेला, बाहेर गेल्याची खूण नाही. पाय-रॅड्स ४.’ (कॅप्सूल म्हणजे ग्रंथीचं बाहेरचं आवरण.) सोबत ग्रंथीच्या आकृतीवर केलेली खूण आणि काप क्रमांक. एवढ्यावर बायोप्सी करणाऱ्याला सुई कुठे न्यायची ते कळतं. याउलट ‘डाव्या बाजूस संशयास्पद भाग, क्लिनिकल कोरिलेशन सुचवले जाते’ एवढंच असेल तर तो रिपोर्ट परत पाठवण्याच्या लायकीचा आहे.

दुसरा आकडा बघायचा तो ग्रंथीच्या आकारमानाचा, कारण त्यावरून पीएसए डेन्सिटी निघते. लांबी, रुंदी, जाडी गुणायची आणि ०.५२ ने गुणायचं, की आकारमान येतं; पीएसएला त्याने भागलं की डेन्सिटी. समजा रुंदी ४.८, जाडी ३.९ आणि लांबी ४.४ सेमी आहे. आकारमान सुमारे ४३ मिली. पीएसए ६.२ असेल तर डेन्सिटी ०.१४. आता जाडी मोजताना कुणी ३.९ ऐवजी ३.४ धरली, तर आकारमान ३७ मिली आणि डेन्सिटी ०.१७. पाच मिमीच्या चुकीने माणूस ०.१५ च्या रेषेच्या अलीकडून पलीकडे गेला. आणि बायोप्सी करायची की थांबायचं, हे पाय-रॅड्स ३ मध्ये पुष्कळदा याच रेषेवर ठरतं. म्हणून जाडी आणि लांबी मधोमध घेतलेल्या उभ्या कापावर, रुंदी आडव्या कापावर मोजलेली असावी, आणि तिन्ही मापं रिपोर्टात लिहिलेली असावीत. प्रोस्टेट आकसवणारं फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड सहा महिन्यांहून जास्त घेत असाल तर पीएसए साधारण निम्म्यावर आलेला असतो. हे न सांगता काढलेली डेन्सिटी फसवी.

चित्रांचा दर्जा मोजायलाही आता पट्टी आहे. पाय-क्वाल २०२० मध्ये आली आणि २०२४ मध्ये सुधारली. नवीन आवृत्तीत तीनच पायऱ्या आहेत. ही नोंद रिपोर्टात असेल तर ते केंद्र आपल्या कामाकडे गांभीर्याने बघतं असं समजायला हरकत नाही. नसेल तर विचारा. निगेटिव्ह रिपोर्टची किंमत त्याच्या चित्रांएवढीच असते, आणि या परीक्षणात एकच ओळ लक्षात ठेवायची असेल तर ती ही.

खोटे गजर, आणि सुटणारे चोर

विशिष्टता ४१ टक्के का, याचं उत्तर नकली गाठींच्या यादीत आहे. जुनी सूज पेरिफेरल झोनमध्ये पाचरीसारखी किंवा रेघेसारखी काळी दिसते. आकार बघून ती २ मध्ये बसवायची असते. मूत्राशयाच्या कॅन्सरसाठी बीसीजी घेतलेल्यांत होणारी दाणेदार सूज मात्र हुबेहूब कॅन्सरसारखी दिसते, थेट ५ चा आकडा मिळवण्याइतकी. बीसीजी घेतलं असेल तर फॉर्मवर ते लिहाच. वरच्या टोकाला असलेला सेंट्रल झोन मुळातच काळा असतो. दोन्ही बाजूंनी सारखा असेल तर निर्दोष, एकाच बाजूने फुगला तर संशय. पुढचा स्नायूंचा पट्टाही असाच काळा, पण तो लवकर कॉन्ट्रास्ट घेत नाही.

बायोप्सीचं साठलेलं रक्त हा आणखी एक ठक. बायोप्सीनंतर एमआरआय करायची वेळ आलीच तर किमान सहा आठवडे जाऊ द्यावेत. यात एक सुंदर बारकावा आहे. निरोगी प्रोस्टेटमध्ये सायट्रेट भरपूर असतं आणि सायट्रेट रक्त गोठू देत नाही, म्हणून रक्त तिथे रेंगाळतं. कॅन्सरमध्ये सायट्रेट कमी. त्यामुळे कधीकधी टी-१ वर चहूबाजूंनी रक्ताचा उजेड आणि मधेच एक कोरी जागा दिसते, आणि चोर त्या कोऱ्या जागेत असतो.

सुटतं काय? फार लहान गाठी, विरळ पसरणारे काही प्रकार, आणि ट्रान्झिशन झोनच्या गर्दीत दडलेले. कॅन्सर कॅप्सूलबाहेर गेलाय का हे सांगण्यातही एमआरआय बेताचाच आहे: संशोधनांचा एकत्रित आढावा घेतला तर संवेदनशीलता (खरोखर बाहेर गेलेल्यांपैकी किती पकडले) ५७ टक्क्यांच्या आसपास, विशिष्टता ९१. म्हणजे ‘बाहेर गेलाय’ म्हटलं तर सहसा गेलेला असतो. ‘गेला नाही’ म्हटलं तर खात्री धरू नये. संगणकाच्या मदतीने वाचण्याचे प्रयोग आशादायक आहेत, २०२४ च्या ‘पाय-काय’ अभ्यासात ६२ रेडिओलॉजिस्टांच्या गटापेक्षा त्या प्रणालीने सरस कामगिरी केली, पण वाकड्या झालेल्या डिफ्युजनवर तीही काही जादू करणार नाही.

नंतरची बायोप्सी

एमआरआय उत्तम आणि सुई भलतीकडे, म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. नेम धरायच्या तीन पद्धती आहेत. चित्र बघून मनातल्या मनात जागा ठरवायची; सॉफ्टवेअरने एमआरआय आणि चालू सोनोग्राफी एकमेकांवर बसवायची (फ्युजन बायोप्सी); किंवा एमआरआय मशीनमध्येच बायोप्सी करायची. मोठी गाठ असेल आणि हात तयार असेल तर पहिलीही चालते. ७-८ मिमीच्या गाठीला सॉफ्टवेअर बरं, पण तेही काही मिलिमीटर चुकतं, कारण प्रोबच्या दाबाने प्रोस्टेट चपटं होतं आणि एमआरआयमध्ये ते तसं नव्हतं. म्हणून एका जागेतून तीन-चार तुकडे घ्यावेत, आजूबाजूचेही घ्यावेत. पुढच्या भागातली गाठ गुदद्वाराकडून नीट गाठता येत नाही. तिथे वृषणाच्या मागच्या त्वचेतून जाणारी बायोप्सी योग्य, आणि तिच्यात जंतुसंसर्गही कमी. पाय-रॅड्स ५ ला बायोप्सी निगेटिव्ह आली तर आधी संशय सुईवर घ्यायचा.

तपासणी कोणाला नको, तेही सांगायला हवं. पीएसए शेकड्यांत आहे आणि हाडांत पसरल्याच्या खुणा आहेत, तर निदानासाठी एमआरआयची वाट बघत बसू नये. लघवीचा ताजा जंतुसंसर्ग असेल तर तो बरा होऊन पीएसए पुन्हा तपासेपर्यंत थांबावं. अर्ध्या लोकांचा प्रश्न तिथेच मिटला तरी आश्चर्य नाही. आणि बोटाने केलेल्या तपासणीत टणक गाठ लागत असेल, तर एमआरआय निगेटिव्ह आला म्हणून बायोप्सी टाळू नये.

फिल्मवर समाधान मानू नका. फिल्मच्या पानावर वीसेक काप पोस्टाच्या तिकिटाएवढे छापलेले असतात आणि एडीसी बहुधा त्यात नसतोच. सीडी किंवा पेन ड्राइव्ह घ्या आणि घरी नेण्यापूर्वी उघडून बघा, की टी-२, वरच्या बी-व्हॅल्यूची चित्रं आणि एडीसी, हे तिन्ही संच आत आहेत. दुसरं मत घ्यायचं असेल, फ्युजन बायोप्सी करायची असेल किंवा दोन वर्षांनी तुलना करायची असेल, तर लागतात ते हेच तीन.